कलेच्या कामातून येणाऱ्या अनियमित उत्पन्नात घरखर्च कसा बसवावा?

रेखाटन

नमस्कार. मी पुस्तकांसाठी चित्रे आणि मुखपृष्ठे काढते. नोकरी सोडून पूर्णवेळ हेच काम करू लागल्याला सहा वर्षे झाली. माझी अडचण कमाई कमी असल्याची नाही, आणि म्हणूनच ती कोणापुढे मांडावी हे मला बराच काळ कळत नव्हते. गेल्या वर्षी हाती आलेल्या सर्व रकमांची बेरीज केली, तेव्हा ती माझ्या जुन्या वार्षिक पगारापेक्षा जास्त भरली. तरीही त्याच वर्षात तीन वेळा घरभाड्यासाठी मला बहिणीकडून उसने घ्यावे लागले आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी आजही पूर्ण फिटलेली नाही.

एका प्रकाशकाला मी चाळीस चित्रांचे काम ठरलेल्या तारखेला पूर्ण करून दिले आणि बिलही त्याच आठवड्यात पाठवले. पैसे सात महिन्यांनी आले. त्या सात महिन्यांत 'ते पैसे आले की भागवू' असे म्हणत मी खर्च करत राहिले. प्रत्यक्ष रक्कम आली तेव्हा ती चार दिवसांत संपली, कारण ती आधीच कुठे ना कुठे देऊन झालेली होती. याच्या उलटही घडते. एकाच आठवड्यात दोन मोठी पेमेंट जमा झाली की हात सैल सुटतो; अशाच एका आठवड्यात मी हप्त्यांवर नवा संगणक घेतला आणि पुढचे चार महिने त्या हप्त्यांनीच मला जेरीस आणले.

अंथरूण पाहून पाय पसरावेत हे मला मान्य आहे, पण माझे अंथरूण दर महिन्याला वेगळ्या मापाचे असते. दरमहा किती खर्च करायचा हे नेमके कशावरून ठरवावे? आणि कामाचे पैसे आधी किंवा वेळेवर मागण्याची रीत तुम्ही कशी बसवली? आमच्या क्षेत्रात मोबदल्याला 'मानधन' म्हणतात, आणि त्या शब्दातला मान सांभाळता सांभाळता धन मागायचे राहून जाते, असा माझा अनुभव आहे.

ध्वनिलेख

तुम्ही लिहिलेली अवस्था मी नऊ वर्षे भोगली आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. मी ध्वनिसंकलनाचे काम करतो आणि माझेही पैसे कामाच्या मागून, बऱ्याच अंतराने येतात.

खतावणीत 'येणे' आणि 'जमा' या दोन नोंदी वेगळ्या ठेवतात, आणि आपली सगळी फसगत त्या दोहोंना एक मानल्यामुळे होते. तुम्ही बिल पाठवले त्या दिवशी ती रक्कम येणे झाली आणि सात महिन्यांनी जमा झाली. घरखर्च ठरवताना येणे रक्कम शून्य धरावी, मग ती देणारा कितीही भरवशाचा असो. मी एक साधी वही ठेवतो. तिच्यात बिलाची तारीख, पैसे जमा झाल्याची तारीख आणि मधले दिवस असे तीनच रकाने आहेत. पहिल्या वर्षाच्या शेवटी तिसऱ्या रकान्याची सरासरी ७१ दिवस निघाली, आणि सर्वांत मोठा आकडा २१४ होता. तोपर्यंत मी सगळ्यांना मनातल्या मनात तीस दिवस देत होतो.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. बँकेच्या खाते उताऱ्यावरून मागच्या चोवीस महिन्यांत कोणत्या महिन्यात प्रत्यक्ष किती जमा झाले ते मांडा. समजण्यासाठी मी कोणतेही चलन न धरता बारा महिन्यांचे नुसते आकडे घेतो: जानेवारी ९०, फेब्रुवारी ०, मार्च १५, एप्रिल १०, मे १२०, जून ०, जुलै ०, ऑगस्ट ६०, सप्टेंबर २५, ऑक्टोबर ८०, नोव्हेंबर ० आणि डिसेंबर ४०. बेरीज ४४० होते. यातली प्रत्येक रक्कम जमा होताच तिच्यातून २० टक्के करासाठी आणि १५ टक्के कामाच्या खर्चासाठी, म्हणजे साहित्य, दुरुस्ती, प्रवास, सॉफ्टवेअर यांसाठी, बाजूला गेले असे समजू. ही टक्केवारी प्रत्येकाची वेगळी असेल आणि कराचा भाग आपापल्या ठिकाणच्या नियमांप्रमाणे काढावा लागेल. उरलेले ६५ टक्के म्हणजे वर्षाचे २८६, आणि महिन्याला सुमारे २३.८.

बहुतेक जण इथेच थांबतात आणि महिन्याला २३.८ खर्चायला मोकळे आहोत असे समजतात. परंतु फेब्रुवारी ते एप्रिल या तीन महिन्यांत मिळून अवघे २५ आले, वजावटीनंतर त्यातले १६.२५ उरले, आणि तेवढ्या काळात घराला ७१.५ लागले. म्हणजे ५५.२५ चा खड्डा पडला. तो बहिणीकडून किंवा कार्डावरून भरला जातो, आणि वर्षाअखेरीस काहीच शिल्लक राहत नसल्यामुळे पुढच्या फेब्रुवारीत तो तितकाच खोल असतो. सरासरी बरोबर असूनही माणूस कर्जात जातो तो असा.

त्याऐवजी स्वतःचा पगार २० ठरवा. तेच तीन महिने आता ६० मागतील आणि खड्डा ४३.७५ चा राहील. वर्षभरात २४० पगार निघेल, २८६ पैकी ४६ शिल्लक राहतील, आणि हे ४६ पुढच्या वर्षीचा खड्डा भरायला पुरेसे आहेत. एक वर्ष हात आखडता घेतला तर दुसऱ्या वर्षापासून उसनवारी लागत नाही, हे मी माझ्या वहीवरून खात्रीने सांगू शकतो. 'सहा महिन्यांचा खर्च साठवा' हा सल्ला आपण सगळेच ऐकतो. तो वाईट नाही, पण तो कोणाचीच वही न पाहता दिलेला असतो. तुमची गंगाजळी किती असावी हे तुमच्या सर्वांत लांबलेल्या कोरड्या काळावरून मोजता येते, आणि मोजलेला आकडा समोर असला की तो साठवायला धीर येतो.

खाती तीन ठेवा. सर्व कमाई पहिल्या खात्यात येईल, कराचा भाग त्याच दिवशी दुसऱ्यात जाईल, आणि दर महिन्याच्या १ तारखेला पहिल्यातून तिसऱ्यात ठरलेला पगार जाईल. रोजचे कार्ड फक्त तिसऱ्या खात्याला जोडलेले असावे. ज्या आठवड्यात दोन मोठी पेमेंट येतात त्या आठवड्यातही तिसऱ्या खात्यातली शिल्लक हलत नाही, आणि तुमचा संगणक ज्या भरात घेतला गेला तो भर मुळात येतच नाही.

शब्दांतर

ध्वनिलेख यांची मांडणी मी जपून ठेवणार आहे. मी भाषांतर करते, त्यामुळे दर आणि मागणी यांविषयी लिहिते, कारण पगार कितीही शिस्तीने काढला तरी दरच चुकलेला असेल तर ती शिस्त उपासमारीची होते.

सुरुवातीला मी दर असा काढला होता: वर्षाला घर आणि काम मिळून ४,६०,००० लागतात, वर्षाचे ५२ आठवडे, आठवड्याचे ४० तास, म्हणजे २,०८० तास, आणि म्हणून तासाला सुमारे २२१. कागदावर हे निर्दोष दिसते. मग मी सलग तीन महिने प्रत्येक अर्ध्या तासाची नोंद ठेवली. त्यात नमुने करणे, पत्रव्यवहार, न मिळालेल्या कामांच्या बोलण्या, बिले, बिलांची स्मरणपत्रे, नव्या विषयाचे वाचन आणि नुसते अडून बसणे हे सगळे मांडले, तेव्हा ज्याचे पैसे मिळतात असे तास निम्मेच भरले. आजारपण आणि सुटी यांसाठी सहा आठवडे वगळले की ४६ आठवडे, १,८४० तास आणि त्यांतले विकता येणारे ९२०. तासाचा खरा दर ५०० निघाला, म्हणजे मी लावत होते त्याच्या सव्वादोनपट. चित्रकलेत हे प्रमाण वेगळे असेल, पण ते अंदाजाने धरू नका, नोंदीवरून काढा. आणि हा दर ग्राहकाला सांगण्यासाठी नाही. एकरकमी काम घेताना आपण तोट्यात तर जात नाही ना, हे स्वतःला कळण्यासाठी आहे.

मागण्याविषयी सांगायचे तर, मी मागत नाही, मी लिहून पाठवते, आणि हा फरक फार मोठा आहे. काम मान्य होताच एक पानी पत्र जाते. त्यात कामाची व्याप्ती, दुरुस्तीच्या किती फेऱ्या या रकमेत बसतात, त्यापुढच्या फेरीचे काय, काम मध्येच थांबवले तर किती द्यायचे आणि पैसे कोणत्या तीन टप्प्यांत द्यायचे, हे येते. एक तृतीयांश विसार म्हणून, एक तृतीयांश पहिला मसुदा दिल्यावर, आणि उरलेले अंतिम प्रत देण्यापूर्वी. तुमच्या बाबतीत चाळीस चित्रांच्या कच्च्या रेखाटनांनंतर दुसरा टप्पा आला असता, आणि मोठ्या आकाराच्या छपाईयोग्य फाइली तिसऱ्या टप्प्यानंतर गेल्या असत्या. सात महिने ज्या रकमेची वाट पाहिली, तिच्यातला फार तर तिसरा हिस्सा अडकला असता.

विसार मागितल्यावर काम गेले असे माझ्या बाबतीत दोनदा झाले आहे. त्या वेळी वाईट वाटले, हे लपवत नाही. तरीही मी ही अट सोडलेली नाही, कारण जो सुरुवातीला तिसरा हिस्सा द्यायला तयार नाही, तो शेवटी पूर्ण रक्कम वेळेत देईल हे मला कोणत्याच अंगाने पटत नाही. मान आणि धन यांविषयी तुम्ही लिहिलेले वाचून मी बराच वेळ थांबले. अटी आधी लिहून दिल्या की नंतर याचना करावी लागत नाही, आणि मान तिथेच राखला जातो.

दीर्घलेखन

मला एक दुरुस्ती सुचवायची आहे. ध्वनिलेख यांचे गणित वर्षात दहा-बारा कामे करणाऱ्याला लागू पडते. मी कादंबऱ्या लिहितो. माझ्याकडे उचल, म्हणजे प्रकाशकाने आगाऊ दिलेली रक्कम, येते ती दोन-तीन वर्षांतून एकदा, आणि बारा महिन्यांचा ताळा मला काहीच सांगत नाही. माझ्यासारख्याने महिन्यांऐवजी पुस्तक हे माप धरावे. उचल आली की पुढची खात्रीची रक्कम येईपर्यंत किती महिने जातील याचा अंदाज करावा, त्यात निम्मे महिने आणखी मिळवावेत, आणि एकूण महिन्यांनी रक्कम भागावी. वीस महिने वाटले तर तीस धरावेत. भागाकार घर चालण्याइतका येत नसेल, तर शिकवणे, संपादन असे दुसरे नियमित काम पहिल्या दिवसापासून जोडीला घ्यावे. पैसे संपल्यावर शोधलेले काम नेहमी कमी दराने मिळते.

उचल आणि रॉयल्टी यांचा संबंधही अनेकांना उशिरा कळतो. मलाही पहिल्या पुस्तकाच्या वेळी कळला नव्हता. उचल म्हणजे पुढच्या रॉयल्टीतून, म्हणजे खपलेल्या प्रतींमागे मिळणाऱ्या पैशांतून, आधी दिलेली रक्कम. प्रतीमागे २० मिळणार असतील आणि उचल ३०,००० घेतली असेल, तर पहिल्या १,५०० प्रती खपेपर्यंत नवा पैसा येत नाही, आणि पुष्कळ पुस्तके तिथवर पोहोचत नाहीत. म्हणून अंदाजपत्रकात मी रॉयल्टी कधीच धरत नाही. आली तर ती थेट म्हातारपणाच्या गुंतवणुकीत जाते. नोकरदाराच्या पगारातून निवृत्तीसाठी आपोआप पैसे कापले जातात, आपल्यासाठी ते कोणी कापत नाही.

रेखाटन यांनी एकरकमी मोबदल्यात सर्व हक्क दिले असतील तर तेही एकदा तपासावे. १८८६ च्या बर्न करारात, म्हणजे कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात, कॉपीराइटची किमान मुदत सर्वसाधारणपणे लेखक-कलावंताच्या मृत्यूनंतर ५० वर्षे आहे, आणि पुष्कळ देशांच्या कायद्यांत ती याहून लांब आहे. 'सर्व हक्क कायमचे' अशा एका ओळीवर सही करणारा माणूस आपल्या मुलांच्या वाटणीचे उत्पन्नही देऊन टाकतो, आणि त्या वेळी त्याच्या डोळ्यांपुढे फक्त पुढच्या महिन्याचे भाडे असते. मुखपृष्ठाचा हक्क एका आवृत्तीपुरता, एका भाषेपुरता किंवा पाच वर्षांपुरता देता येतो. त्याच चित्राचा दिनदर्शिकेसाठी किंवा दुसऱ्या माध्यमासाठी वापर झाला तर वेगळे पैसे मागता येतात. हे मागण्याची ताकद ज्याच्या खात्यात तीन महिन्यांचा पगार आहे त्याच्यातच येते, आणि वरच्या सगळ्या हिशेबाचे मला तेच सर्वांत मोठे मोल वाटते.

हप्त्यांबद्दलही लिहितो. मोठ्या कमाईच्या दिवसांत घेतलेले लांब मुदतीचे देणे आपल्या व्यवसायात सर्वाधिक घातक ठरते, आणि हे फार जुने आहे. डच चित्रकार रेम्ब्रांट ऐन भरात असताना, १६३९ मध्ये, त्याने ॲम्स्टरडॅममध्ये १३,००० गिल्डरला घर घेतले. त्याच्याकडे कामे होती, शिष्य होते, नाव होते. पण घराची पूर्ण रक्कम त्याच्याकडून कधीच फिटली नाही आणि १६५६ मध्ये त्याला दिवाळखोरी पत्करावी लागली. त्याच्या घरातल्या चित्रांची आणि वस्तूंची जी यादी तेव्हा झाली, तिच्यात ३६३ नोंदी आहेत. तो खर्चीक संग्राहकही होता, हे खरे. पण ती यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा माझ्या मनात आले की इतकी थोर कलासुद्धा हप्ता चुकवणाऱ्याला वाचवू शकली नाही. हप्त्यांची बेरीज सर्वांत वाईट महिन्याच्या कमाईवर बेतावी, एवढेच मी त्यातून घेतले.

मंद्र

मी वादक आहे. पाच वर्षांपूर्वी माझ्या उजव्या मनगटाचा स्नायुबंध दुखावला आणि अकरा आठवडे वाद्याला हात लावता आला नाही. कोरड्या काळासाठी साठवलेले पैसे तेव्हा औषधोपचारात गेले, आणि त्यानंतर खरा कोरडा काळ आला तेव्हा काहीच उरले नव्हते. म्हणून आजारपणाची तजवीज वेगळी असावी असे मी आग्रहाने सांगेन. आरोग्य विमा घ्यावाच, आपल्यावर कोणी अवलंबून असेल तर मुदतीचा आयुर्विमा घ्यावा, आणि काम बंद पडल्यास उत्पन्न भरून देणारा विमा उपलब्ध असेल तर त्याच्या अटी नीट वाचाव्यात, कारण हाताच्या जुन्या दुखण्याला काही योजना वगळतात. चित्रकाराचा हात आणि वादकाचा हात यांत मला फरक दिसत नाही.

रेखाटन, कार्डाची थकबाकी मात्र सगळ्यांच्या आधी. दरमहा ३ टक्के व्याज असेल तर ते चक्रवाढीने वर्षाला ४२.५ टक्क्यांच्या वर जाते, आणि कोणतीही सुरक्षित गुंतवणूक तेवढे देत नाही. आधी एका महिन्याचा पगार गंगाजळीत ठेवा, म्हणजे पुन्हा कार्डाकडे वळावे लागणार नाही. मग कार्ड पूर्ण फेडा. मग उरलेली गंगाजळी भरा.

रेखाटन

सर्वांचे मनापासून आभार. दोन संध्याकाळी बसून चोवीस महिन्यांचे उतारे मांडले. माझा सर्वांत लांब कोरडा काळ चार महिन्यांचा निघाला, आणि गंमत अशी की त्या चार महिन्यांत मी सर्वांत जास्त काम करत होते. ज्याचे पैसे नंतर आले तेच काम. हे मला आजवर दिसले नव्हते, आणि त्या काळात मी स्वतःला आळशी समजत होते, याचे आज फार वाईट वाटते.

पगार मी मागच्या खर्चापेक्षा सुमारे पंचमांशाने कमी ठरवला आहे. तीन टप्प्यांचे पत्र परवा एका नव्या कामासाठी पाठवले. समोरून दुरुस्तीच्या फेऱ्या दोनच्या तीन करण्याची विनंती आली, विसाराबद्दल काहीच हरकत आली नाही. बहिणीचे पैसे मात्र मी कार्डाच्या आधी देऊ इच्छिते. गणिताने ते चूक आहे हे मला कळते.

एक शंका उरली आहे. १ तारखेला पहिल्या खात्यात पगाराइतकी रक्कमच नसेल तर काय करावे?

ध्वनिलेख

बहिणीचे आधी द्या. तिच्याशी बोलून लहान ठराविक रक्कम बांधून घेतलीत, तर कार्डाकडेही बरोबरीने लक्ष देता येईल.

तुमच्या शंकेबाबत: जेवढे असेल तेवढाच पगार त्या महिन्यात घ्यावा आणि कराच्या खात्याला हात लावू नये, कारण ते पैसे आपले नसतातच. पहिल्या वर्षी माझ्यावर ही वेळ तीनदा आली होती. कमी पडलेली रक्कम पुढच्या महिन्यात 'भरून' काढू नका, ती सोडून द्या. आणि दर तीन महिन्यांनी वही उघडून आकडा पुन्हा तपासा. सलग दोन तिमाहीत पगार अपुरा पडला तर तो खाली आणावा, आणि सलग चार तिमाहीत शिल्लक खड्ड्याच्या मापापेक्षा वर राहिली तरच वाढवावा. मी गेल्या सहा वर्षांत तो दोनदाच वाढवला आहे.